प्रेशर पडलं म्हणजे जॉब जमला का?

गंगापूररोडकर
काल इथे एकाने ठोकून दिलं, "तेलविहिरीत अ‍ॅसिड किंवा फ्रॅक जॉब चालू असताना वरचं गेज पडलं की थर उघडला, विषय संपला." नवीन पोरं हे वाचून साइटवर जातात, म्हणून लिहितोय. अ‍ॅसिड जॉब म्हणजे विहिरीलगतचा चोंदलेला खडक अ‍ॅसिडने मोकळा करणं, फ्रॅक जॉब म्हणजे दाबाने खडक फाडून भेगेत वाळू भरणं, आणि वरचं गेज म्हणजे जमिनीवरचा प्रेशरचा काटा. पाइपमधलं घर्षण, पर्फोरेशनचा (पाइपला थरासमोर पाडलेल्या भोकांचा) अडथळा, आत उभ्या असलेल्या द्रवाचं वजन, सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. २००० मीटर पाणी तळाशी साधारण २०० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देतं. वाळू मिसळून घनता १.२ झाली की २४०. घर्षण तेवढंच धरलं तर वाढलेल्या वजनामुळे वरच्या गेजवर ४० किलो कमी दिसतील आणि थरात काहीच घडलेलं नसेल. पंप थांबवताक्षणी जे प्रेशर उरतं ते आलेखावर बघा, त्यात घर्षण नसतं.

अंकलेश्वर_रिटायर्ड
अ‍ॅसिड जॉबमध्ये वाळू कुठून आणली? उभी नोकरी पंपाशेजारी काढली आहे. अ‍ॅसिड पर्फोरेशनला पोचलं की काटा सरकन उतरतो. रात्री दोनला ऑपरेटर काय आलेख काढत बसेल?

गंगापूररोडकर
पंपाचा दर (मिनिटाला किती द्रव जातो तो) तोच ठेवलात तर ठीक. काल ती अट कुणी लिहिली होती? आणि जास्त दाबलंत तर खडक फाटूनही प्रेशर पडतं. अ‍ॅसिड भेगेतून निघून जातं, विहिरीलगतचा चोंदलेला भाग तसाच राहतो.

निफाडचा_बागायतदार
आमच्या बोअरला हेच झालं! हायड्रोफ्रॅक्चरिंगवाल्याने (पाण्याच्या दाबाने खडक फाडणाऱ्याने) पॅकर, म्हणजे बोअर आतून बंद करणारं रबरी बूच, लावून पाणी दाबलं, काटा चढला, धाडकन पडला. "खडक फाटला" म्हणून पैसे घेऊन गेला. बोअर कोरडाच. घड भरायच्या वेळी टँकरवर बाग जगवली.

सिन्नर_ड्रिलर
एकावरून सगळ्यांना चोर ठरवू नका. काळ्या पाषाणात पाणी भेगांतच असतं. जवळ पाण्याची भेगच नसेल तर खडक फाटून उपयोग काय? पॅकर सुटला तरी काटा पडतो. बोअरच्या तोंडातून पाणी वर आलं होतं का?

निफाडचा_बागायतदार
आलं होतं. म्हणाला, खडकाने परत टाकलं.

सिन्नर_ड्रिलर
मग पॅकरच सुटला होता, फसवलं तुम्हाला. पण दर उन्हाळ्यात नवा बोअर मारून शेजाऱ्याचं पाणी कोण ओढतं, तेही लिहा.

निफाडचा_बागायतदार
कर्ज आमच्या डोक्यावर आहे, तुमच्या मशीनच्या नाही! हौस म्हणून बोअर मारतो का आम्ही?

अंकलेश्वर_रिटायर्ड
धागा तेलविहिरींचा आहे, भांडण बाहेर करा. गंगापूररोडकर, दर आणि घनता दोन्ही स्थिर असतील तरच पडलेला काटा माझ्या बाजूने, एवढं मान्य. आलेखाचं कौतुक मात्र पटत नाही.

गंगापूररोडकर
नोल्टे आणि स्मिथ या फ्रॅकच्या अभ्यासकांनी १९८१ मध्येच दाखवलंय. लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर दहाच्या पटीतलं माप) वेळेबरोबर नेट प्रेशर, म्हणजे भेग उघडी ठेवणारं जादा प्रेशर, एकास एक उताराने चढायला लागलं की भेगेत वाळू अडकायला लागली समजायचं. तेव्हाच वाळू बंद केली तर पाइप वाळूने भरत नाही. आता हे स्क्रीनवर चालू जॉबमध्ये दिसतं, रात्री दोनलासुद्धा.

अंकलेश्वर_रिटायर्ड
दिसतं. बघणारा हवा.

निफाडचा_बागायतदार
मग बोअरवाल्याकडून काय बघून घ्यायचं, ते तरी सांगा कुणीतरी.

सिन्नर_ड्रिलर
पंप बंद करायला लावा आणि काटा बघा. पॅकर धरलेला असेल तर सहसा हळूहळू उतरतो. मोठी भेग लागली तरी झटकन पडेल, म्हणून बोअरच्या तोंडाशी माणूस उभा ठेवा. पाणी वर आलं तर पैसे देऊ नका.