फेब्रुवारीत जॉली बॉय बेट : परवाना, भरती-ओहोटी आणि नक्की दिसतं काय?

शाहूपुरी_४थी_गल्ली
फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून आम्ही सहा जण अंदमानला निघालोय. त्यात दोघं सत्तरीचे, एक नऊ वर्षांचा मुलगा. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान बघायचंच आहे. आम्हाला सवय दाजीपूरची : पहाटे आत शिरायचं, पाणवठ्याशी थांबायचं, गवे बघायचे. बेटावर प्राणी कसे बघायचे? पोहता येणारे दोघंच. पाण्यात न उतरता काही दिसतं का? सोबत काय न्यायचं?

खारफुटी
दाजीपूरचा हिशेब इथं बाजूला ठेवा. अंदमानात गवा नाही, बिबट्या नाही. चितळ दिसलं तर ते इंग्रजांनी आणून सोडलेल्या चितळांच्या वंशातलं. हे उद्यान १९८३ साली झालं. सुमारे २८१ चौरस किलोमीटर क्षेत्रात १५ बेटं आणि मधल्या खाड्या. बघण्यासारखं बरंचसं पाण्याखाली आहे, उरलेलं झाडांवर.

पर्यटकांना जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच बेटं आळीपाळीनं खुली असतात. तुमच्या दिवसांत जॉली बॉय चालू असतं. सोमवारी उद्यान बंद, त्यामुळे तो वार आधी कॅलेंडरवर खोडा. परवाना आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) शहरातून काढा, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. जेट्टीवर जाऊन बघू म्हणणारे परत येतात. पोर्ट ब्लेअर ते वंडूर साधारण ३० किलोमीटर. बोटी सकाळीच सुटतात, म्हणून सातच्या आत गाडीत बसा. अंदमान आपल्यापेक्षा १८ अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य आपल्या सव्वा तास आधी वर येतो. साडेपाचला उजाडलेलं असतं, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

जाताना बोट खारफुटीच्या बेटांमधून जाते. तिथं बाहेरच्या बाजूला बसा आणि फांद्यांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड शोधा. चिखलाच्या काठावर खाऱ्या पाण्यातली मगर असू शकते. वंडूरच्या किनाऱ्यावर मगरीचा फलक असेल तिथं गुडघाभर पाण्यातही उतरू नका, मुलाला तर अजिबात नाही. ही मगर खाडीतून समुद्रात सहज पोहत येते आणि उथळ गढूळ पाण्यात दिसतच नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जपा. जॉली बॉयवर जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच पट्ट्यात राहा.

भांगाची_भरती
वार आणि परवाना झाला. आता तिथी बघा, कारण अर्धी सहल भरती-ओहोटीवर ठरते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं : पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढ वाढते आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाणी शांत. सत्तरीची माणसं आणि लहान मूल आहे, तर अष्टमीच्या आसपासचाच दिवस धरा.

एक सावधगिरी. तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढायची आपली कोकणी रीत (पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा) तिथं चालत नाही. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचंच भरतीचं कोष्टक बघा. भरती दर दिवशी साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका.

न पोहणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची होडी आहे. ती दहा ते एकच्या दरम्यान घ्या. ऊन डोक्यावर असलं की प्रकाश सरळ खाली उतरतो. तिरप्या उन्हात काचेवर नुसती चकाकी. आत प्रवाळ, समुद्रफुलाच्या (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) झुबक्यात लपणारे नारिंगी-पांढरे मासे आणि पोपटमासे दिसतील. पोपटमासा प्रवाळ खरवडून खातो आणि त्याच्या पोटातून वाळू बाहेर पडते. किनाऱ्यावरची काही पांढरी वाळू अशीच तयार झालेली आहे, हे मुलाला जरूर सांगा.

सगळं प्रवाळ रंगीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि ते काही आठवडे टिकलं, तर प्रवाळाच्या अंगातली शेवाळं निघून जातात आणि ते पांढरं पडतं. अंदमानात २०१० साली असं मोठ्या प्रमाणावर झालं.

तांबडा_पांढरा
सामानाचं सांगतो. बेटावर प्लास्टिक चालत नाही, जेट्टीवर पिशव्या तपासतात. पाणी स्टीलच्या बाटलीत, खाणं स्टीलच्या डब्यात. बेटावर हॉटेल नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी सुती फडक्यात बांधून न्या. वेफर्सची पाकिटं आत जात नाहीत.

कोल्हापुरी चपला खोलीवर ठेवा. खाऱ्या पाण्यानं चामडं कडक होतं आणि शिवण उसवते. घट्ट बसणारे रबरी बूट हवेत, कारण प्रवाळाची धार पाय कापते आणि ती जखम चिघळते.

स्नॉर्केल (मास्क लावून, नळीनं श्वास घेत पाण्याखाली बघणं) करणाऱ्यांनी मास्क आधी तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलका श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशा असतील तर सील मिशीवरून सुटतं आणि पाणी आत येतं. नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी कापून टाका. धुकं धरू नये म्हणून काचेला आतून लहान मुलांचा शाम्पू थेंबभर चोळून विसळा. जाण्याआधी दोन-तीन वेळा पोहण्याच्या टँकवर नळी लावून तोंडानं श्वास घ्यायचा सराव करा. समुद्रात पहिल्यांदा शिकायला गेलं की माणूस घाबरून उभा राहतो आणि पाय प्रवाळावर पडतो. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. एका लाथेत कित्येक वर्षांची वाढ मोडते.

शाहूपुरी_४थी_गल्ली
खूप मदत झाली. आईच्या गुडघ्याचा त्रास आहे, बोट लागायचीही भीती आहे. आणि मुलगा शंख गोळा करणार, हे नक्की.

खारफुटी
मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, मधे लहान होडीत उतरावं लागतं. हाच टप्पा गुडघ्याला अवघड. आईंना शेवटी उतरवा, होडी स्थिर झाल्यावर, दोन्ही हातांना धरून. बोटीत मधोमध बसवा, टोकाला हेलकावा जास्त लागतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. पोट रिकामं नको, तेलकटही नको.

शंख उचलू देऊ नका. रिकामा शंख हा शंखी खेकड्याचं घर असतो. तो वाढला की मोठा शंख शोधतो. प्रवाळाचा तर मेलेला तुकडाही आणायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते अनुसूची १ मध्ये आहे. मुलाला वही-पेन्सिल द्या. शंख घालून चालणारे खेकडे मोजायला सांगितलं, तरी त्याचा तास जाईल.