मदत हवी आहे: इस्त्रीच्या मण्यांचा मावळा उचलला की तलवार तुटते

घोडबंदरकर
परवा वसुबारस. खाली सोसायटीत किल्ला बांधून झालाय, उतारावर अळीव उगवायला लागलेत आणि मावळ्यांचा पत्ता नाही. लेकीला या वर्षी फ्यूज बीड्सचेच (खिळ्यांच्या बोर्डवर रचून इस्त्रीने जोडायचे मणी) मावळे हवेत. काल रात्री तीन केले. तिन्ही वेळा बोर्डवरून उचलताना तलवार हातात आली आणि मावळा खालीच राहिला. इस्त्री बरोबर केली होती. काय चुकतंय ते लवकर सांगा.

मणीवेडी
मणी ५ मिमीचे की बारीक? इस्त्री कितीवर ठेवली? वर कागद कुठला? वाफ बंद होती का? नुसतं "बरोबर केली" म्हणून काही कळत नाही.

कोपरी_पूर्व
पाणी मारा! माझ्या भाच्याचे मणी नुसत्या स्प्रेने चिकटतात, रात्रभर सुकवायचे. लहान मुलांच्या कामात इस्त्री हवीच कशाला?

मणीवेडी
ते पाण्याने चिकटणारे मणी, त्यांची जात वेगळी. हे म्हणजे प्लॅस्टिकच्या पोकळ नळ्या, उष्णतेने वितळून एकमेकांना धरतात. यांच्यावर पाणी मारून काही होत नाही.

घोडबंदरकर
५ मिमी. बटर पेपर. वाफ बंद. इस्त्री कॉटनवर, साधारण दहा सेकंद.

वाशीकर_आई
कॉटनवर ठेवू नका, बोर्ड वाकेल. मध्यम ठेवा आणि एका जागी न दाबता हलक्या हाताने गोल फिरवा. खरं तर बोर्डवर इस्त्री करूच नये. पूर्ण चित्रावर मास्किंग टेप लावा, टेपला सुईने भोकं पाडा, सगळं अलगद उचलून उलटं करा आणि उघड्या बाजूने इस्त्री करा. नंतर टेप काढून दुसरी बाजू. माझे सगळे आकाशकंदील असेच झाले.

मणीवेडी
मोठ्या चित्राला टेप ठीक आहे. वीस मणी उंच मावळा म्हणजे जेमतेम १० सेंटीमीटर, त्याला बोर्डवरच इस्त्री पुरते. टेप नीट बसली नाही तर उलटं करताना मणी सांडतात आणि पोरं रडतात, हे मी पाहिलंय.

वाशीकर_आई
माझे कधी सांडले नाहीत. टेप बोटाने घासून बसवायची.

जुना_ठाणेकर
किल्ल्यावर प्लॅस्टिक कशाला? जांभळी नाक्यावर रंगवलेले मावळे मिळतात, ते घ्या. मातीच्या किल्ल्यावर मातीचाच मावळा शोभतो.

घोडबंदरकर
काका, तिने स्वतः कागदावर चौकटी आखून नक्षी काढलीय, पगडीचा तुरासुद्धा. ते सोडून विकतचे आणायला माझं मन होत नाही. कृपया तलवारीचं सांगा.

गडप्रेमी_कळवा
अळीव उगवलेत म्हणता, तर आता नळीने पाणी घालू नका. माती वाहून जाते. हाताने शिंपडा.

मणीवेडी
तलवार तिरकी आहे का? एकाच मण्याची रांग?

घोडबंदरकर
हो, तिरकीच. खांद्यावरून वर गेलीय. हे सांगायला हवं होतं का?

मणीवेडी
हेच तर कारण. शेजारच्या दोन खिळ्यांत ५ मिमी अंतर असतं, म्हणून मणी एकमेकांना टेकतात आणि वितळून जुळतात. तिरक्या दिशेच्या खिळ्याचं अंतर साधारण ७ मिमी, तिथे मणी टेकतच नाहीत. इस्त्री कितीही केली तरी तो सांधा कच्चाच राहतो. तलवार सरळ उभी करा. तिरकीच हवी असेल तर पायऱ्या करा, म्हणजे प्रत्येक वळणावर एक मणी जादा. इस्त्री झाली की लगेच उचलू नका, कागदासकट जाड पुस्तकाखाली गार होऊ द्या. मग उलटा करून दुसऱ्या बाजूनेही इस्त्री.

वाशीकर_आई
पायऱ्यांचं पटलं. मी तिरक्या रेषा कधी केल्याच नाहीत म्हणून लक्षात आलं नव्हतं. आणि मावळा उभा कसा करणार? पायांखाली दोन मणी रुंद, पाच मणी लांब खुंटी वाढवा, ती ओल्या मातीत रोवता येईल.

घोडबंदरकर
पायऱ्यांची तलवार केली, पहिला मावळा अख्खा निघाला! खुंटीसुद्धा धरतेय. लेक आता सगळ्यांना भाले द्यायचे म्हणतेय आणि करडे मणी संपलेत. टोकाला पांढरे चालतील का?

मणीवेडी
पांढरे चालतील, पण भाला सरळ ठेवा.