ग्लासगोत लॉन लावलंय, पण उगवतंय शेवाळ! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे पुण्याचे. दोन वर्षांपासून ग्लासगोच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात, नव्याने बांधलेल्या घरात राहतो. मागे साधारण ८ बाय १० मीटरची बाग आहे, तोंड उत्तरेला. ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने गवताचा गालिचा अंथरून दिला होता. पहिला उन्हाळा झकास गेला. भारतात फोटो पाठवून सगळ्यांना जळवलं, त्याचंच फळ मिळालं असावं. आता एप्रिलमध्ये निम्म्याहून जास्त बागेत शेवाळ आहे. म्हणजे पाण्यावरचं निसरडं नाही, ज्याला इथे मॉस म्हणतात ते, पाय ठेवला की गादीसारखं दबणारं.

पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. इथे हजाराच्या वर आणि बारा महिने. महाबळेश्वरपुढे हे काहीच नाही म्हणा, पण तिथला पाऊस निदान जातो तरी!

आतापर्यंत केलेले उद्योग: दुकानातून मॉस मारायचं औषध (आयर्न सल्फेट) आणून दोनदा टाकलं. आठ-दहा दिवसांत सगळं काळं पडलं, दाताळ्याने ओढून पाच पोती काढली, सहा महिन्यांत पुन्हा जैसे थे. शिवाय फरशीवर गंजाचे डाग पडले ते वेगळेच. गवत कापायला शनिवारच मिळतो आणि शनिवारी हमखास भुरभुर. म्हणून मिळेल तेव्हा मशीन सगळ्यात खाली लावून अगदी बारीक कापते, पंधरा दिवसांची निश्चिंती.

दुकानदार म्हणतो चुना टाका. शेजारी म्हणतात प्लास्टिकचं गवत घाला. सासूबाई म्हणतात, "हरळी लाव, ती कुठेही येते, गणपतीला दूर्वाही होतील." कोणाचं ऐकू?

प्रतिसाद – मँचेस्टरकर

बारीक कापणं आधी थांबवा. तुम्ही दर पंधरवड्याला गवताचं पान काढून घेताय आणि मॉसला उजेड मोकळा करून देताय. मशीन ४-५ सेंटीमीटरवर ठेवा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. शनिवारचा हट्ट सोडा. आता दिवस मोठे होत आहेत, मे-जूनमध्ये ऑफिसनंतरही चांगला उजेड असतो. कोरडी संध्याकाळ दिसली की चहा नंतर, मोअर आधी.

हरळीचं म्हणाल तर ती उष्ण हवामानातली. इथल्या थंडीत आणि सावलीत तग धरणार नाही. सासूबाईंसाठी एक कुंडी खिडकीत ठेवा.

प्रतिसाद – खुरपं

ताई, मी कोल्हापूरकडचा, घरची शेती, म्हणून जरा लांबण लावतो.

औषधाने मॉस मरतं, पण मॉस का आलं ते तसंच राहतं. तुमची जमीन चिबड, म्हणजे पाणी न निचरणारी, आहे असा माझा अंदाज. नव्या घरांच्या बागेतून वर्षभर जड यंत्रं फिरलेली असतात. त्याने माती चेपून दगड होते, त्यावर चार बोटं चांगली माती पसरून गवत अंथरतात. पाणी खाली जाणार कुठून? मुळांना हवा मिळत नाही, गवत विरळ होतं आणि रिकाम्या जागी मॉस येतं. मॉसला मुळं नसतातच, त्याला वरची ओल पुरते.

एक करा. कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर चुना, औषध, सगळं नंतर.

वाफसा हा शब्द पुण्यात फारसा कानावर येत नाही, पण इथे तोच कामाचा. हाताने दाबल्यावर मातीचा गोळा होतो पण पाणी सुटत नाही, तो वाफसा. त्याआधी लॉनवर पाय ठेवायचा नाही, मशीनही घालायचं नाही. ओल्यात चाललं की माती आणखी चेपते. वाफशावर चार दातांचा फोर्क हातभर अंतराने नाही, वीतभरापेक्षाही कमी अंतराने १० सेंटीमीटर खोल खुपसून जरा हलवायचा. मातीच्या सुरळ्या बाहेर काढणारं पोकळ दातांचं यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तम. त्या भोकांत जाडी वाळू झाडूने लोटायची. हे मोठं काम शरदात करा. आता फक्त हलकं दाताळं मारा आणि मेमध्ये नत्राचं खत द्या.

नवं बी ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टाका. गणपतीच्या आगेमागे म्हटलं तर लक्षात राहील. माती तेव्हा कोमट असते. उत्तरेच्या सावलीला निव्वळ रायग्रास (लॉनचं नेहमीचं गवत) नको, फेस्क्यू (सावली सोसणारं बारीक पानांचं गवत) जास्त असलेलं मिश्रण घ्या.

चुन्याने मातीचा आंबटपणा कमी होतो, म्हणून माती आंबट आहे का ते तपासल्याशिवाय टाकू नका. आणि अमोनियाच्या खताबरोबर तर नकोच, नत्र वायू होऊन उडून जातं.

प्रतिसाद – एडिंबरावाली

वरचं सगळं बरोबर. पण डिसेंबरात ग्लासगोला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो. घराला लागून जी पट्टी आहे तिच्यावर हिवाळाभर ऊन पडणारच नाही, कितीही खुपसा. मी माझ्याकडे तेवढ्या पट्टीत नेचे (फर्न) लावले, उरलेल्या जागेत लॉन. क्योतोच्या साइहो-जी मंदिरात लोक मुद्दाम मॉसची बाग बघायला जातात, आपण पोती भरून फेकतो!

प्लास्टिकच्या गवतावरही मॉस येतं. शेजाऱ्यांना सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल खड्डा खणला. वीतभर खाली दीड वीट, सिमेंटचा गोळा आणि निळसर चिकण माती. संध्याकाळी भरलेलं पाणी आज सकाळी जसंच्या तसं. नवऱ्याने त्यात कागदाची होडी सोडली.

औषधाचा तिसरा डबा परत करून आले. घरालगतची दोन मीटरची पट्टी नेच्यांना दिली. खुरपं, एकच शंका: विटा लागतील तेवढ्या सगळ्या काढू, की फोर्क जिथे अडेल तिथल्याच?

प्रतिसाद – खुरपं

अडतील तिथल्याच. नाहीतर विहीर होईल.