लंडनमध्ये जुनी सॅम्पलर कुठे बघावीत? आणि स्वतः करायला कुठलं घ्यावं?

दोसुतीवेडी:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला तीन आठवडे जातेय. लेक-जावई दिवसभर कामावर, म्हणजे मी मोकळीच. इंग्लंडात पूर्वी आठ-दहा वर्षांच्या पोरी कापडावर एबीसीडी, आकडे, फुलंपानं भरून खाली आपलं नाव, वय, साल घालायच्या, ती सॅम्पलर बघायची आहेत. निमित्त म्हणजे आजीच्या ट्रंकेत तिचं असंच दोसुतीचं कापड निघालं. लाल दोऱ्यात मुळाक्षरं, दोन मोर आणि खाली ‘इ. ५ वी, १९३’. शेवटचा आकडा उसवून गेलाय. कुठे जाऊ? गुडघ्यांना फार भटकणं झेपत नाही. आणि तसं एक स्वतः करायचं तर कुठलं निवडू?

टाचणी:
व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, दुसरा विचारच नको. पण साउथ केन्सिंग्टनच्या इमारतीत ‘सॅम्पलर कुठायत’ म्हणत दालनं पालथी घालू नका. जुनं कापड उजेडाने विटतं, म्हणून बरंचसं ठेवणीत असतं. कुठली वस्तू मांडलेली आहे नि कुठली ठेवणीत, ते वेबसाइटवर दिसतं. ठेवणीतल्यासाठी स्ट्रॅटफर्डला २०२५ मध्ये उघडलेलं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस आहे. पाच वस्तूंपर्यंत मागणी नोंदवता येते, तुमच्या वेळेला काढून ठेवतात. प्रवेश फुकट. फक्त निदान दोन आठवडे आधी नोंदवावं लागतं, तेव्हा निघण्याआधी इथूनच करा.

पहिलं नाव जेन बोस्टॉक, १५९८. साल घातलेलं ब्रिटनमधलं हे सगळ्यात जुनं सॅम्पलर. वर साखळीने बांधलेलं अस्वल, हरीण, कुत्रा असे विखुरलेले, मग अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद: २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवार, दुपार. त्याखाली नुसते नमुन्यांचे तुकडे, काही अर्धेच सोडलेले. भिंतीवर लावायचं चित्र नव्हतंच ते, नमुने उतरवून ठेवायची वही होती.

उलटीटीप:
जेन बघाच, पण एकच बघणं होणार असेल तर एलिझाबेथ पार्करचं बघा, साधारण १८३० चं. फूल नाही, पान नाही, किनार नाही. पांढऱ्या लिननवर लाल रेशमाने फुली टाक्यात ओळींमागून ओळी. सुरुवातच अशी की मला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते. ससेक्समधली गरिबाघरची पोर, तेराव्या वर्षी लोकांच्या घरी कामाला लागली. मालकाने केलेला छळ, जीव द्यायचा आलेला विचार, सगळं त्या टाक्यांत आहे. आणि मजकूर शेवटी वाक्याच्या मध्येच थांबतो. पुढे कापड कोरं. (पुढे ती शिक्षिका झाली, हे कळल्यावर मला हायसं वाटलं.) अक्षर फार बारीक आहे. मजकूर घरूनच वाचून जा, समोर उभं राहून वाचवत नाही. दोन्ही अर्थांनी.

ब्रिस्टलकर:
मुलींनी एबीसीडीच का भरायची, त्याचं उत्तर इथे ब्रिस्टलला मिळतं. म्युलर अनाथाश्रमातल्या मुलींची सॅम्पलर म्हणजे लाल दोऱ्यात नाना वळणांची मुळाक्षरं नि आकडे, कापडाची इंचभर जागा रिकामी नाही. पोरी पुढे घरकामाच्या नोकरीला लागणार. मोठ्या घरात चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल यांवर खूण नि क्रमांक घालावे लागत, नाहीतर धुण्यातून परत काय आलं ते कळायचं कसं? म्हणजे हे शिफारसपत्रच. आणि जुन्या सॅम्पलरात ‘जे’ नि ‘यू’ ही अक्षरं सापडली नाहीत तर मुलगी चुकली असं समजू नका. तेव्हा आय-जे एकच आणि यू-व्ही एकच धरायची पद्धत होती.

कशिदेवाली:
करायचं असेल तर यॉर्कशरच्या अ‍ॅकवर्थ शाळेतल्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) मुलींचा नमुना घ्या. गोल नि अर्धगोल पदकं, बहुतेक एकाच रंगात, त्यामुळे डोळ्यांना त्रास कमी. कापड मॅटी किंवा दोसुती, अँकर दोऱ्याच्या लडीतले सहापैकी दोनच पदर. कापडाची चौघडी घालून मध्य काढा आणि तिथूनच सुरू करा. मी कोपऱ्यातून सुरू केलं होतं, शेवटचं पदक कापडाबाहेर गेलं. तिकडच्या नमुन्यांत ‘होल्बाइन’ टाका आला तर घाबरू नका, ती आपल्या धारवाडी कशिद्यातली गवंती. जाताना धावदोरा, येताना गाळलेल्या जागा भरायच्या, दोन्ही बाजू सारख्या.

टाचणी:
एक राहिलं. आजीच्या कापडावरचा आकडा नक्की ‘उसवून गेला’ आहे का? इंग्लंडातल्या बऱ्याच सॅम्पलरांत सालाचे शेवटचे आकडे मुद्दाम उसवलेले आहेत. सॅम्पलर भिंतीवर, साल त्यात, मग बाईचं वय पाहुण्यालाही मोजता यायचं! मागून बघा. दोरा आपोआप तुटला तर त्याची टोकं राहतात, मुद्दाम काढला तर मागची बाजू साफ असते.

दोसुतीवेडी:
सगळ्यांचे आभार, जेन आणि एलिझाबेथ दोन्हींची मागणी नोंदवते. टाचणी, खिडकीत नेऊन बघितलं. मागे दोऱ्याचा कण नाही. पण लाल रंग कधीतरी धुण्यात उतरलाय आणि कापडावर फिकट गुलाबी ‘१’ राहिलाय. म्हणजे १९३१, पाचवीत. आजोबांचा जन्म १९२३ चा! आजीला वय विचारलं की म्हणायची, “प्लेगनंतरची मी.” आत्याला फोन लावतेय.