मरीन इग्वानाला मराठीत घोरपड म्हणायचं का सरडा?

मुलीला शाळेत गॅलापागोस बेटांवरच्या मरीन इग्वानावर मराठीत लिहून न्यायचंय. एका ठिकाणी 'सागरी घोरपड' मिळालं, दुसरीकडे 'समुद्री सरडा'. नक्की काय लिहू? आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्याच्यासाठी 'व्हल्नरेबल' हा वर्ग दिलाय, त्याला काय म्हणतात?

—

घोरपडच लिहा. केवढं धूड असतं ते, नखांनी खडकाला चिकटून बसतं, लाटा आपटल्या तरी सुटत नाही. सरडा म्हटलं की कुंपणावर मान हलवणारा आठवतो.

—

काका, चिकटण्यावरून नाव द्यायचं तर पालही चालेल की 😀 घोरपड नकोच ताई. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली आणि ती अंडी, उंदीर, मेलेलं काय मिळेल ते खाते, हा प्राणी समुद्रात बुडी मारून खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, असं समुद्रात चरणारा दुसरा सरडाच जगात नाही, आणि पोटात गेलेलं जादा मीठ नाकातून पिचकारी मारून बाहेर टाकतो म्हणून डोक्यावर पांढरा थर दिसतो. कुळ बघितलं तरी इग्वाना आपल्या सरड्याच्या जवळचा, घोरपड लांबची. विणीच्या काळात नर रंगही बदलतात. फक्त 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण तिथे चालायची नाही. इग्वाना हा शब्द मुळात कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांचा, स्पॅनिशमधून सगळीकडे गेला, तोही एकदा लिहाच.

—

व्हल्नरेबल म्हणजे 'असुरक्षित'. 'संकटग्रस्त' ही त्याच्या वरची पायरी, एन्डेंजर्ड. पेपरवाले सरसकट 'नामशेष होण्याच्या मार्गावर' छापतात ते घेऊ नका.

—

आणि प्रोजेक्टमध्ये 'संवर्धन' लिहिताना जरा सांभाळून, त्याने पिल्लं वाढवून सोडणं वगैरे वाटतं. इथे मुख्य काम म्हणजे माणसाने आणलेली मांजरं, कुत्री, उंदीर आवरणं, कारण हे प्राणी मांजर-कुत्र्यांसारखे शिकारी नसलेल्या बेटांवर वाढले, पळायचं त्यांना सुचतच नाही. डार्विनने 1835 मध्ये एकाला पुन्हा पुन्हा पाण्यात फेकलं तरी तो परत त्याच्याच पायाशी यायचा! मी 'संरक्षण' लिहीन. एल निनोत, म्हणजे दर काही वर्षांनी तिथला समुद्र नेहमीपेक्षा गरम होतो त्या काळात, पाणी तापून शेवाळ मरतं तेव्हा उपासमार होते, ते कोणाच्या हातात नाही, मोठे इग्वाने तर लांबीने 20 टक्क्यांपर्यंत आखडतात, वजनाने नव्हे लांबीने, आणि खायला मिळालं की परत वाढतात. पण 2001 मध्ये जेसिका नावाचं तेलवाहू जहाज फुटलं, सांता फे बेटावर थोडंसंच तेल पोचलं होतं, तरी वर्षभरात तिथले 62 टक्के गेले. एवढं मुलीला नक्की लिहायला सांगा.

—

शीर्षक 'समुद्री सरडा' ठरलं मग, पहिल्या वाक्यात मरीन इग्वाना. काका, राग मानू नका हं. आता मुलगी विचारतेय इग्वानाचं अनेकवचन इग्वाना का इग्वाने, वर तुम्ही 'इग्वाने' लिहिलंत म्हणून.

—

घोडा-घोडे तसं इग्वाना-इग्वाने, माझ्या कानाला बरं वाटतं.