'वारुंग'ला मराठीत काय म्हणायचं?

जकार्तावासी: ऑफिसमागच्या गल्लीत एक वार्तेग आहे. वार्तेग म्हणजे 'वारुंग तेगल'. वारुंग हा इथल्या इंडोनेशियन भाषेतला शब्द, छोट्या दुकानाला किंवा खाण्याच्या जागेला लावतात. तेगल हे मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं शहर, आणि तिकडच्या लोकांनी चालवलेली साधी जेवणाची जागा ती वार्तेग. काचेआड पंधरा-वीस पदार्थ, समोर लांब बाकडं. आपण बोटानं दाखवायचं, बाई भातावर वाढत जाते. उठताना काय काय खाल्लं ते आपणच सांगायचं, ती तोंडी हिशेब करून आकडा सांगते. दुपारी रिक्षावाले, गवंडी, आमच्यासारखे कारकुंडे असे सगळे एकाच बाकड्यावर.

आईला फोनवर हे सांगताना अडलो. 'हॉटेल' म्हटलं की तिला वेटर आणि मेनूकार्ड दिसतं. 'टपरी' म्हटलं की चहा. शेवटी 'खानावळ' म्हटलं, तर तिचा पहिला प्रश्न: "महिन्याचे किती घेतात?" नेमका शब्द कोणता?

कोशवाळवी: खाणावळच. (मी ण लिहितो, कारण शब्द 'खाणे'वरून आलाय; 'खाना'च्या ओढीनं लोक न लिहायला लागले. दोन्ही चालतात, भांडू नका.) महिन्याचा हिशेब हा त्या शब्दाचा अर्थ नाही, ती त्याला लागलेली सवय. मुंबईत गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून खोल्यांवर राहायचे आणि परिसरातल्या बायका त्यांना रांधून घालायच्या, म्हणून पगाराला पैसे. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुमचा वार्तेगही गाव सोडून आलेल्यांनी गाव सोडून आलेल्यांसाठीच चालवलेला दिसतो. मग नातं जवळचंच.

चिंचगूळ: नातं जवळचं, पण शब्द बसत नाही. खानावळीत ताट ठरलेलं असतं. आज वांगं असेल तर वांगं, कुरकुर केलीत तर वांग्यावर आमटी. इथे माणूस निवडतोय. शिवाय 'वारुंग' फक्त जेवणाचं नसतं. साबण, शाम्पूच्या पुड्या, मॅगीसारख्या शेवया विकणारं कोपऱ्यावरचं दुकानही वारुंगच. त्याला खाणावळ म्हणणार का?

माझं मत: 'रुमाह माकान' असा दुसरा शब्द तिकडे आहे, तो बघा. रुमाह म्हणजे घर, माकान म्हणजे खाणे. मुंबईतलं 'लंच होम' आठवलं की नाही? पाडांग (सुमात्रा बेटावरचं शहर) पद्धतीच्या जेवणाच्या जागेला हाच शब्द लावतात. तिथे वाढपी हातावर बशांची उतरंड रचून आणतो, सगळ्या टेबलावर मांडतो, आणि ज्या बशीला हात लागला तिचेच पैसे.

जकार्तावासी: लंच होम झकास! पण ते पाडांगवाल्यांना देऊ. माझ्या बाईचं दुकान तेवढं ऐटबाज नाही.

आता शब्दांचा विषय निघालाच आहे तर: पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाक्सोच्या (मांसाचे गोळे घातलेलं सूप) गाडीवाल्यानं बाटली पुढे करून विचारलं, "चुका?" मला वाटलं अंबटचुका! निघालं व्हिनेगर. धण्यांना 'केतुम्बार' म्हणतात. साखरेला 'गुला'.

कोशवाळवी: चुका हा संस्कृत 'चुक्र', आंबट पदार्थ. आपल्याकडे तो भाजीला चिकटला, तिकडे बाटलीत गेला. केतुम्बार आणि कोथिंबीर ही 'कुस्तुंबरी'ची लेकरं. एकाच्या वाट्याला बी आलं, दुसऱ्याच्या वाट्याला पाला. गुला म्हणजे गूळच, फक्त तिकडे तो शब्द सगळ्याच साखरेला लागतो. गूळ हवा असेल तर 'गुला मेराह', तांबडी साखर, म्हणायचं. आणि तो उसाचा नसतो, ताडामाडाच्या रसाचा असतो.

शिरवाळे_आणि_रस: म्हणजे गोव्यातला माडाचा गूळ! मालवणकडे नारळाच्या दुधात गूळ घालून शिरवाळ्यांबरोबर खातात त्याला आम्ही 'रस' म्हणतो. तिकडे 'रासा' म्हणजे काय?

जकार्तावासी: चव. आणि भावनाही! 'मेरासा' म्हणजे वाटणे, जाणवणे. "रासान्या कशी?" हे जेवणाबद्दलही विचारता येतं आणि मन दुखावल्याबद्दलही. आपल्याकडे रस, रस्सा, आमरस, आणि "मला त्यात रस नाही".

सह्याद्रीपुत्र: थोडक्यात, सगळं आपलंच!

चिंचगूळ: नाही हो. ताटातला मुख्य ऐवज बघा. नासी (भात), तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), सायुर (भाजी) हे तिकडचे. ताहू म्हणजे टोफू, तो चिनी. आचार, म्हणजे लोणचं, फारसीतून फिरत आला. आणि सांबाल म्हणजे सांबार नव्हे, हे एकदा लिहून ठेवा. सांबाल हा वाटलेल्या मिरचीचा प्रकार, ठेच्याचा मावसभाऊ म्हणा. दगडी खोलगट 'चोबेक'मध्ये रगडतात. बहुतेकदा त्यात 'तेरासी' असते, आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, तेव्हा शाकाहारी मंडळींनी लालभडक चटणी बघून हुरळू नये.

भाताचं मात्र मजेशीर आहे. शेतातलं 'पाडी', कच्चे तांदूळ 'बेरास', शिजवलेलं 'नासी'. आपण शेतात भात लावतो, दुकानातून तांदूळ आणतो आणि घरी येऊन पुन्हा भातच खातो.

जकार्तावासी: आणि त्या भाताबरोबर जे जे येतं, अंडं, मासा, तेम्पे, त्या सगळ्याला 'लाउक'. मी आजवर 'तोंडीलावणं' असं भाषांतर करत होतो.

कोशवाळवी: चूक. तोंडीलावणं म्हणजे लोणचं, चटणी, पापड. नसलं तरी जेवण होतं. लाउक म्हणजे आपलं कालवण. देशावरची माणसं 'कोरड्यास' म्हणतात ते: "आज भाकरीसंगं कोरड्यास काय?" शहरात हा शब्द कुणी वापरत नाही, सगळ्यालाच भाजी म्हणतात. मग अंड्याचीही भाजी होते.

तसंच 'बुम्बू हालुस'चं. कांदा, लसूण, मिरची, हळद ओली वाटून तेलात परततात. पाककृतींत लोक त्याला मसाला म्हणतात. मसाला डब्यात असतो. हे वाटण आहे.

शिरवाळे_आणि_रस: रमजानात बंद असतं का हो?

जकार्तावासी: आमचं नसतं. काचेवर पडदा लावतात, खालून फक्त जेवणाऱ्यांचे पाय दिसतात. आणि रोज्याला इथे म्हणतात 'पुआसा'. उपवास!

कोशवाळवी: आपण त्यातला व खाल्ला आणि 'उपास' केला, त्यांनी पुढचा उ खाल्ला. उपासाच्या शब्दातलं काहीतरी दोघांनीही खाल्लंच.

चिंचगूळ: मूळ प्रश्न राहिला. मी म्हणते, 'वारुंग'च ठेवा. इडलीला आपण मराठी शब्द शोधत बसलो नाही.

जकार्तावासी: आईनं तेच केलंय. ती आता "तुझ्या वारुंगवालीनं आज काय केलं होतं?" असं विचारते. एक सांगायचं राहिलं. काल गल्ल्याशेजारी एक मळकी वही दिसली. पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांची नावं, पुढे आकडे. पगार झाला की देतात म्हणे. आईला अजून हे सांगितलेलं नाही.