सरकारी दवाखान्यात पेशंटकडून थोडे पैसे घेतले तर लोक का चिडतात?

वाटसरू:
आमच्यात यावर कडाक्याचं वाजलं. अर्ध्यांचं म्हणणं, फुकट मिळालं की किंमत राहत नाही, सर्दी झाली तरी लोक रांगेत येऊन उभे राहतात, प्रत्येक वेळी थोडं को-पेमेंट, म्हणजे खर्चातला पेशंटचा वाटा, ठेवाच. बाकीचे म्हणे टॅक्स भरतोय ना, मग आजारी पडल्यावर परत पैसे कशाचे? मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. जिथे खरंच फी लावली तिथे लोकांनी काय केलं, कोणी सांगेल का?

पिंपळपान:
हंगेरीत २००७ मध्ये डॉक्टरकडे जायला ३०० फोरिंट फी लावली. मार्च २००८ मध्ये त्यावर सार्वमत झालं, मतदान केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक फी काढा म्हणाले आणि ती गेली. जर्मनीत २००४ पासून दर तिमाहीला १० युरो होते, पेशंट काही फारसे कमी झाले नाहीत, दवाखान्यांना पैसे गोळा करायचं आणि कागदं सांभाळायचं काम तेवढं वाढलं, शेवटी २०१२ मध्ये संसदेने एकमताने ती रद्द केली. एकमताने! ऑस्ट्रेलियात २०१४ च्या बजेटमध्ये ७ डॉलर सुचवले होते पण विरोध एवढा झाला की ते लागूच झाले नाहीत.

निळीशाई:
काही ठिकाणी फीमुळे गर्दी कमी होते हे खरंय हो, पण कमी कोण होतं ते बघा ना. अमेरिकेत १९७४ ते १९८२ रँड संस्थेने मोठा प्रयोग केला होता, काही कुटुंबांना उपचार मोफत आणि काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. वाटा द्यावा लागला त्यांनी उपचार कमी घेतले, पण उगाचचे आणि गरजेचे दोन्ही सारखेच कमी झाले. बहुतेकांच्या तब्येतीला फरक पडला नाही, पण गरीब आणि ज्यांना बीपीचा त्रास होता त्यांचं बीपी मोफतवाल्यांइतकं आटोक्यात राहिलं नाही. छातीत दुखतंय ते गॅसमुळे की हार्टमुळे हे पेशंटला घरी बसून कसं कळणार, तो पैसे बघतो आणि दुखणं अंगावर काढतो. मला या मुद्द्याचा खरंच राग येतो.

उंबरठा:
थोडं असहमत. स्वीडनमध्ये फी आहेच आणि लोक ती देतात, कारण १२ महिन्यांत ठरावीक रकमेच्या वर गेलात की पुढची फी माफ. लोकांचा विरोध पैशापेक्षा किती भरावं लागेल याला शेवट नसण्याला असतो असं मला वाटतं.

वाटसरू:
मर्यादा पटली. मग सगळ्यांना फी आणि गरिबांना माफी असं केलं तर?

निळीशाई:
माफी कोणाला द्यायची यावरच भांडणं होतात. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनला चार्ज आहे, पण दहापैकी जवळजवळ नऊ औषधं माफीतच जातात. माफीच्या आजारांची यादी १९६८ ची, नंतर फार बदलली नाही, डायबेटिसची औषधं घेणाऱ्यांना सगळं मोफत आणि दम्याच्या पेशंटला मात्र इनहेलरचे पैसे. दोघांनाही रोज औषध लागतं, मग दमेकऱ्याने हे न्याय्य कसं मानायचं? वेल्सने २००७ ला आणि स्कॉटलंडने २०११ ला चार्जच काढून टाकला. माझं मत तेच आहे, पैसे हवेत तर टॅक्समधून घ्या, आजारी माणसाला दारात अडवून नको.